उमराव गेल्यानंतरचं वर्ष

२००६च्या मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी कस्तुरी इंग्लंडात ब्रॅकनेलला गिडियनकाकांच्या दारात उभी राहिली, तेव्हा रडून तिचे डोळे सुजले होते.

मिलिंदने तिला बसवलं. आठवडाभर तो सॉफ्टवेअर लिही आणि शनिवारी या मूळच्या मुंबईच्या म्हाताऱ्या ज्यू डिटेक्टिव्हची गाडी चालवी.

कस्तुरी ब्रिस्टलला नोकरीला होती, जुनी हस्ताक्षरं वाचायला हौसेने शिकली होती. तिथल्या एका जुन्या हवेलीचे मालक एलियट यांनी तिला रोजनिशी वाचायला दिली होती, एका उमरावाच्या कारकुनाने लिहिलेली. उमराव ऑक्टोबर १४७०मध्ये लढाईत पडला. त्याच्या चाळीस माणसांचं पुढे काय झालं, हे एलियटना हवं होतं. डिसेंबर १४७०नंतर जानेवारी ते मार्च १४७०ची पानं होती. ती बांधणाऱ्याने चुकून मागे लावली, असं ते समजत. मग २४ मार्च १४७०च्या खाली थेट २५ मार्च १४७१.

"१४७१च्या जानेवारी ते मार्चची पानं मी चोरली म्हणतात," कस्तुरी म्हणाली. "सोमवारी पोलिसांत जाणार आहेत. माझ्या व्हिसाचं काय होईल, काका?"

दुपारी तिघं हवेलीवर पोचली. एलियट तुसडेपणाने बोलले. घर सांभाळणाऱ्या सॅलीने सांगितलं, की रोजनिशीच्या कपाटाची किल्ली तीस वर्षं तिच्याच कमरेला आहे. मिलिंदचा संशय लगेच तिच्यावर गेला.

काकांनी वहीची शिवण निरखली. दोरा अखंड होता. मग त्यांनी कस्तुरीला शेवटच्या नोंदी वाचायला लावल्या. २४ मार्च: घोडीला शिंगरू झालं. २५ मार्च: कालचं शिंगरू उभं राहिलं.

"वर्षभरानंतर 'कालचं'?" काकांनी मिलिंदला विचारलं. "तुझा पाडवा मार्चच्या सुमाराला, माझं नवं साल सप्टेंबरात. त्या काळी इथलं नवं साल २५ मार्चला लागे; तोवर डिसेंबरनंतरचा जानेवारीही १४७०चाच. हे लागोपाठचे दोन दिवस आहेत. काहीच हरवलेलं नाही."

एलियट खुर्चीत बसले. म्हणजे जानेवारीची पानं मृत्यूनंतरची होती. त्या पानांत घर सोडून गेलेल्या ज्या माणसांना, मालक जिवंत असतानाच गेली म्हणून, ते बेइमान समजत होते, त्या सगळ्यांची सोय उमरावाच्या विधवेने लावली होती. ससाणे पाळणारा शेजारच्या गढीत गेला. थकलेल्या द्वारपालाला मठात जागा मिळाली. आचाऱ्याने खाणावळ काढली.

एलियटनी कस्तुरीची माफी मागितली, अगदी उठून उभं राहून. मग ते सॅलीकडे वळले.

"मला मूलबाळ नाही. माझ्यामागे तुझं काय, याचाच विचार करत होतो," ते म्हणाले. "फाटकाजवळचं घर तुझ्या नावावर करतो."

सॅलीने विचारलं, परसातली नासपतीची झाडंही त्यातच येतात का.