ऑर्विलची डंगरी

"माझी डंगरी कुठे आहे?"

अर्डिसचा आवाज असा चढला, की गोठ्यालगतच्या खोलीत बूट काढत असलेली तिची लेक ब्रिटा दचकून उभी राहिली. भिंतीवरची खुंटी रिकामी होती! नवऱ्याच्या, ऑर्विलच्या मागे अकरा वर्षं जिने एकटीने बेचाळीस गाई सांभाळल्या, पोरीला शिकागोला शिकायला धाडलं आणि स्वतःसाठी नवा कपडा म्हणून घेतला नाही, त्या बाईने संतापाने भिंतीवर मूठ आपटली.

"चर्चच्या तळघरात जुन्या कपड्यांची विक्री होती ना, तिथे सकाळीच देऊन आले," ब्रिटा म्हणाली. लोकांना त्यांच्या जगण्याला शोभतील असे कपडे निवडून देणं हाच तिचा धंदा. "लगेच खपली. तुझं कपाट मी नव्याने लावलंय. मोजके सोळा कपडे. पांढरा, राखाडी, बदामी."

"गोठ्यात पांढरा? शेणाचा रंग विसरलीस वाटतं शिकागोला!"

"आई, रविवारी माझ्या ईथनचे आईवडील जेवायला येतायत. सोयरीक जुळतेय आपली. त्यांना तू गडीमाणूस वाटायला हवीस का?"

गडीमाणूस...! त्या एका शब्दाने अर्डिसच्या काळजाचं पाणी झालं, आणि दुसऱ्याच क्षणी त्या पाण्याला उकळी फुटली.

"चल! गडीमाणसाचं काम बघ!"

कपाटातला बदामी कोट तिने अंगात कोंबला आणि लेकीला मनगटाला धरून गोठ्यात ओढत नेलं. संध्याकाळच्या धारेची वेळ. नव्या लोकरीचा वास नाकात जाताच म्हातारी गाय डॅग्नी फुरफुरली, तिने लाथेसरशी धारेचं यंत्र उडवलं. आणि मग एकीचं बघून दुसरीने, दुसरीचं बघून तिसरीने पान्हा चोरला. कासा तटतटलेल्या, पण दूध येईना! अर्डिस गोंजारत होती, विनवत होती... गाई तिला ओळखतच नव्हत्या.

ब्रिटाचा चेहरा उतरला. "मी घरोघर फिरते आई. बाबांची डंगरी शोधून आणते."

"नकोय मला ती!" अर्डिस कडाडली. "सहा फुटी माणसाची डंगरी ती! पाय चार वेळा दुमडून, कमरेला दोरी आवळून अकरा वर्षं घातली. हौस होती म्हणून? तू टाकलीस त्याचा राग नाही गं... जगाला विचारत फिरतेस, काय शोभेल, काय हवं. मला विचारलंस कधी? कुणी विचारलं?"

आणि ती ढसाढसा रडू लागली.

 शेकडो परक्यांची मापं घेतलेले ब्रिटाचे हात आपल्या जन्मदात्रीच्या अंगाला एकदाही लागले नव्हते! खिशातली टेप काढून ती त्या ओल्या फरशीवर, आपल्या शुभ्र विजारीनिशी, आईच्या पायाशी गुडघे टेकून बसली.

"चुकले गं... आता विचारते. काय हवं तुला?"

"खिसे. हात मावतील एवढे."

"आणि रंग?"

अर्डिस रागाने नाक पुसून म्हणाली, "लाल! भडक लाल. गुरुवारपर्यंत माझ्या मापाची डंगरी शिव, म्हणजे दोन दिवस गोठ्यात टांगून ठेवता येईल, गाईंना वास ओळखीचा व्हायला. आणि रविवारी तीच घालून मी जेवायला बसणार आहे, सांग तुझ्या त्या सोयऱ्यांना!"

"सांगते," ब्रिटा म्हणाली, आणि आईच्या पायाचं माप घेऊ लागली.