लाभ… दोन… तीन…

आत कुणीतरी मोजत होतं. बाईचा आवाज होता, घोगरा अन् सावकाश.

"लाभ… दोन… तीन…"

मी दारातच थांबले. कॉलेजच्या मैदानामागं, चिकलठाण्याच्या जुन्या वसाहतीत, धान्याचं एक बंद गोदाम आहे. मार्चची भर दुपार होती आणि मी डबा खायला सावली शोधत होते. खरं सांगायचं तर, रडायला. सकाळीच आमच्या विश्वजीत सरांनी चिअरलीडिंगच्या संघाची यादी लावली होती. मला बॅनर धरायला ठेवलं होतं. "तू उंच आहेस, हाडापेरानं मजबूत आहेस, तनुजा. वर चढणारी मुलगी नाजूक लागते. आणि खाली पेलायला मुलगे असतात. तुला कुठं बसवू?" असं ते अगदी प्रेमानं म्हणाले होते. म्हणूनच जास्त लागलं.

"…सहा… सात."

मी आत डोकावले. बाई कुठंच नव्हती. एक मुलगा उलट्या पिंपावर पाठमोरा उभा होता, दोन्ही हात वर. त्यानं मागं उडी घेतली आणि त्याच क्षणी पिंप कलंडलं.

मी डबा कधी टाकला, कधी धावले, कळलंच नाही. तो थेट माझ्या हातांत आला.

त्यानं डोळे उघडले. लांब पापण्या… कपाळावर घामाला चिकटलेली धूळ. श्वास जोरजोरात चाललेला.

"सोडता का आता?" तो हळूच म्हणाला.

"हो… सॉरी." पण मी लगेच सोडलं नाही. आणि उतरायची त्यालाही फारशी घाई दिसेना.

"तुम्ही मोजत होतात म्हणून मी उडी घेतली," तो कपडे झटकत म्हणाला. "सातावर थांबलात कशाला? आठ म्हणायचं की!"

"मी नव्हते मोजत. मला वाटलं आत कुणी बाई आहे."

आम्ही दोघांनी एकदमच मागं पाहिलं. रिकामं गोदाम. उंच पत्रा, त्याला पडलेली भोकं, त्यातून सरळ खाली उतरलेले उन्हाचे दांडे. वीस वर्षं तिथं दाणा आला नव्हता, तरी ज्वारीचा ताजा वास येत होता.

"विमानतळ जवळच आहे. विमानाचा आवाज असेल," तो म्हणाला.

"विमान लाभ म्हणतं का?"

तो हसला, पण बाहेर पडताना दारातून आधी मला जाऊ दिलं… आणि मग जवळजवळ पळतच माझ्यामागं आला.

त्याचं नाव अतुल. मुलांची निवड आदल्या दिवशी झाली होती, म्हणून आमची गाठ पडली नव्हती. त्याला सरांनी बेस केलं होतं, म्हणजे खाली उभं राहून दुसऱ्याला वर पेलणारा. वर चढणारी सायली त्याच्या हातून दोनदा पडली होती.

"मला वर जायचंय," तो म्हणाला. "मला फिरता येतं, वळता येतं. पण सर म्हणतात, मुलगा वर गेला तर लोक हसतील."

"वजन किती तुमचं?"

"सत्तेचाळीस."

"म्हणजे युरियाची पंचेचाळीसची गोणी अन् वर दोन किलो साखर. होस्टेलवरून बिडकीनला घरी गेले की शेतात मी रोज उचलते."

"साखर कशाला मधेच?"

माझ्या कानाची पाळी गरम झाली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिथंच सराव करू लागलो. दुसरी जागाच नव्हती… आणि खरं सांगू? दुपार व्हायची मी वाट बघायला लागले होते. मी गुडघ्यात वाकायचे, तो माझ्या तळव्यांवर पाय ठेवायचा, मी त्याला खांद्यापर्यंत न्यायचे. चार दिवसांत अहो-जाहो गळून पडलं.

"हात थरथरतात तुझे," तो वरून म्हणायचा.

"तू वर हसतोस म्हणून."

"मग रडू?"

"गप उभा राहा रे!"

आवाज रोज यायचा. आम्ही दमलो, हात सुटायला आला, की कोपऱ्यातून सुरू व्हायचा. "लाभ… दोन…" सातावर थांबायचा. पुढची शांतता मला आवाजापेक्षा जास्त भिववायची. कबुतरं पत्र्यावर घुमत असायची, पण आत एकही येत नसे. एकदा पिंपावरून अतुलचा पाय निसटला तेव्हा मी लांब होते. तो पडला नाही. अर्धवट झुकलेला, हवेत टेकल्यासारखा क्षणभर थांबला आणि मग अलगद बसला. त्याच्या घोट्यावर पाच बोटांचे लाल वळ उठले होते.

"उद्यापासून नको येऊ इथं," मी म्हणाले.

"तू येणार?"

"…हो."

"मग झालं तर."

आम्ही कचरूमामांना गाठलं. शेजारच्या कारखान्यावर ते पहारा द्यायचे, आणि त्याआधी याच गोदामात हमाल होते. आवाजाचं सांगितलं तसा त्यांनी हातातला दंडुका भिंतीला टेकवला.

"केसरबाई ती," ते म्हणाले. "आमच्यात एक म्हणत नसत तवा, पहिल्या गोणीला लाभ म्हणायचे. बायांनी झाडायचं, गोण्या शिवायच्या. उचलायचं काम गड्यांचं. पर हिला उचलायचंच व्हतं. क्विंटलाची गोणी एकटी पाठीवर घ्यायची. लई ताकद."

"मग?"

"एक दिवस थप्पी रचायला चढली. सात गोण्या झाल्या. आठवीला खालनं हात द्यायला माणूस लागतो. एक गडी पुढं होईना. बाईच्या खाली कोण उभं ऱ्हाणार, म्हणले." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "थप्पी आली खाली, तिला घेऊनच."

"तुम्ही होतात तिथं?" अतुलनं विचारलं.

कचरूमामा उठले आणि फाटकाकडं निघून गेले.

त्या दुपारी आम्ही गोदामाबाहेर बसून राहिलो. एकाच डब्यातलं खात. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि दोघंही तो काढत नव्हतो.

"भीती वाटते तुला?" मी विचारलं.

"तिची नाही."

"मग कुणाची?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं… आणि भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत आत गेलो. यावेळी हात पूर्ण वर न्यायचे होते. ते जमलं तरच सरांना दाखवता येणार होतं. अतुल माझ्या तळव्यांवर उभा राहिला. आवाज सुरू झाला, अगदी माझ्या कानामागं. पाच… सहा… सात… मी जोर लावला, हात सरळ झाले, आणि अचानक अतुलचं वजनच गेलं.

काहीच नव्हतं हातांवर. पिसाएवढंही नाही. माझ्या तळव्यांखाली दुसरे तळवे होते, गार, भेगाळलेले, पोत्यासारखे खरखरीत.

"तनू," वरून अतुलचा आवाज आला, अगदी बारीक. "सावली बघ तुझी."

उन्हाचा दांडा बरोबर आमच्यावर होता. जमिनीवर माझी सावली पडली होती. तिला चार हात होते.

पळावंसं वाटत होतं. पण पळाले असते तर अतुल आठ फुटांवरून खाली आला असता. आणि त्या भीतीतही मला दुसरंच काही डाचत होतं. तो वर उभा होता, पण मी पेलत नव्हते.

"बाई," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "लई उपकार केले तुम्ही. पण आता हात काढा. मला पेलू द्या."

काही झालं नाही. मग एकेक बोट सुटत गेल्यासारखं वजन उतरलं. सगळं. खांदे पेटले, गुडघे वाकायला आले, दात एकमेकांत रुतले. पण मी उभी राहिले.

"आठ," मी म्हणाले.

अतुल उतरला तेव्हा सावलीला दोनच हात होते. तो माझे तळवे धरून किती तरी वेळ त्यांच्याकडं बघत बसला. एक कबुतर पत्र्याच्या भोकातून आत आलं आणि जमिनीवर ठुमकत फिरू लागलं. त्यानंतर तो आवाज आम्हाला कधीच आला नाही.

सरांनी आमचा खेळ दोनदा बघितला. नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं. "मुलगी खाली नको असं कुठंच लिहिलेलं नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मी कधी बघितलंच नव्हतं."

स्पर्धा शहरातच होती. बारा संघ. मी अतुलला वर घेतलं तसा प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडला, "अरे, बायको खाली अन् नवरा वर!" हशा पिकला. मी हात सरळ केले. अतुल एका पायावर गेला, गर्रकन फिरला, परत माझ्या तळव्यांवर आला, आणि हशा असा तुटला की पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली.

आम्ही पाचवे आलो. गुणपत्रिकेवर लिहिलं होतं: मुलीच्या चेहऱ्यावर हास्य व नाजूकपणा नाही. चार गुण वजा.

मी सरळ परीक्षकांच्या टेबलाशी गेले. "मॅडम, बाकीच्या संघांत खाली मुलगे होते. त्यांच्यातलं कोण हसत होतं?"

मॅडमनी कागद चाळले. "कुणीच नाही."

"त्यांचे कापले?"

त्यांनी आमची गुणपत्रिका पुन्हा पुढं ओढली. विश्वजीत सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी नियमांचं पुस्तक टेबलावर ठेवलं. अर्ध्या तासानं चार गुण परत मिळाले. आम्ही तिसरे झालो. पहिले नाही, पण आमचे गुण आमचे होते.

बाहेर जालना रोडवर ऊन रणरणत होतं. इंद्रजीतदादा, माझा मोठा भाऊ, वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून मला घरी न्यायला गाडी घेऊन आला होता. त्यानं अतुलला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाव काय रे?"

"अतुल."

"पुढं?"

"साळवे. मुकुंदवाडीला असतो."

आडनावावरून दादाला जात कळली. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं कुणी पुसून घ्यावं तसा तो कोरा झाला.

"तनू, बस गाडीत."

"जा तू," अतुल पटकन म्हणाला. "मी बसनं जातो…" त्यानं हसायचा प्रयत्न केला. ते हसू मला सहन झालं नाही.

"दादा, मी याच्याबरोबर बसनं होस्टेलवर जाते."

"का?"

"मला आवडतो हा."

अतुलनं माझ्याकडं वळून पाहिलं. "हे… आधी मला सांगायचं असतं ना?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

"मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. तू ऐकतेस कुठं!"

दादानं गाडीचं इंजिन बंद केलं. नुसती किल्ली हातात फिरवत बसला.

"घरी काय सांगू?" त्यानं विचारलं. आवाज चिडका नव्हता. घाबरलेला होता. माझा दादा घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"रविवारी येते म्हणून सांग. अन् एकटी नाय येत."

त्यानं किल्ली परत लावली. मग म्हणाला, "निघालीस की फोन कर. मी फाट्यावर येतो." आणि गाडी काढून निघून गेला.

बस आली, खच्चून भरलेली. अतुलनं हात पुढं केला. घामेजलेला. माझाही तसाच होता. मी तो घट्ट धरला आणि आम्ही चढलो.