एरंडोलच्या पुढे

भर चैत्रातल्या दुपारी, नवीपेठेच्या तोंडाशी दादाजींची लाल गाडी पुन्हा बंद पडली. विलायतेची, दोन सीटांची, साठ वर्षांची स्पोर्ट्स कार! मागे रिक्षावाल्यांनी हॉर्नचा गलका केला आणि चाकावरच्या आजोबांशेजारी बसलेल्या प्रियलने लाजून ओढणी कपाळावर ओढली.

तेवढ्यात एक उंच तरुण गर्दीतून आला. त्याने बॉनेट उघडलं, समोरच्या रसवंतीच्या बादलीत रुमाल बुडवला आणि गरम पंपावर गुंडाळला.

"पेट्रोलची वाफ होते, ताई. आपल्या खानदेशी उन्हाची सवय नाही हिला."

"साठ वर्षं झाली की इथे येऊन."

"काहींना नाहीच होत सवय," तो म्हणाला, आणि असा काही हसला की प्रियलने उगाचच काचेवरची धूळ पुसली.

त्याचं नाव सुकदेव. धुळ्यात गॅरेज होतं. जुन्या गाड्यांचे कार्बुरेटर काढून तो इंजेक्शन बसवायचा, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरसकट. दादाजी, म्हणजे प्रकाशचंदजी, हरखूनच गेले.

"मग हिलाही बसव! प्रियलच्या लग्नात जावईबापू ह्याच गाडीतून आपल्या दारावरचं तोरण मारायला येणार. वरातीत बंद पडता कामा नये हो!"

रुमाल पिळणारे हात क्षणभर थांबले.

"नाही पडणार, आबा."

धुळ्याहून तो रोज येऊ लागला. दादाजींच्या अंगणातच कार्बुरेटर निघाले. इंजेक्टर आले, नवा पंप आला, सीटखाली कॉम्प्युटरचा हाताएवढा डबा बसला. पण डब्याला काहीच येत नव्हतं. त्याला रस्त्यावर नेऊन शिकवावं लागे. इंजिन किती फिरतंय, किती ओढतंय, तेव्हा किती पेट्रोल द्यायचं... लॅपटॉपवर आकड्यांचे चौकोनच चौकोन. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने आकडे बदलायचे. ते बारीक आकडे दादाजींना दिसत नव्हते. प्रियल कॉम्प्युटरचं शिकलेली. दादाजींचा दोघांवरही सारखाच भरवसा. म्हणून तो चाकावर, ती लॅपटॉप घेऊन शेजारी.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "एरंडोलच्या पुढे नको."

"का बरं? रस्ता तर छान आहे."

"सकाळी सामायिक, म्हणजे आम्हा जैनांचं ध्यान झालं की मी दिवसाचे नियम धरते. काय खायचं, कोणत्या वाहनात बसायचं, कुठल्या दिशेला कुठवर जायचं. तिकडे एरंडोलपर्यंतच धरलंय."

"आणि मीच पुढे नेली तर?"

"तर पाप मला लागेल."

त्यानंतर रोज एरंडोल आलं की तो स्वतःहून गाडी वळवायचा.

गिरणेचा पूल आला की वारा सुटायचा. तिची ओढणी गिअरच्या दांड्यावर जाऊन पडायची आणि तो गिअर बदलायचाच नाही.

"चौदा... तेरा पॉइंट आठ... अहो, पुढे बघा ना!"

"बघतोय की."

"रस्ता म्हणतेय मी."

हळूहळू त्याच्या बोलण्यातलं 'ताई' गळालं. तिने 'भाऊ' सोडलं. मग हाक मारायला काही उरलंच नाही. चुकून तोंडातून 'अहो' गेलं की ती दिवसभर कानाच्या पाळीपर्यंत लाल!

पण अर्हम होता. तिचा ठरलेला नवरा, सुरतेचा, सज्जन. त्याला नावं ठेवायलाही जागा नव्हती. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

शेवटी वरातीची चाल उरली. माणसाच्या पावलाने चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं.

"समजा, इथे बँड थांबला..." त्याने गाडी सावकाश केली. "पोरं नाचताहेत... आता?"

"गचके देते."

"पेट्रोल दोन टक्के वाढवा."

तिने वाढवले. इंजिन दिव्याच्या ज्योतीसारखं शांत झालं. स्वतःच्याच बोटाकडे प्रियल बघत राहिली. ह्याच गाडीतून तो दुसरा येणार होता... न अडता, अगदी दारापर्यंत.

"झालं?" तिने विचारलं.

"उद्या एक मोठी फेरी... मग झालं." तो चाकाकडे बघत म्हणाला, "उद्या नियम धरताना धुळ्यापर्यंत ठेवाल? घरी आई आहे. एकदाच."

तिने लॅपटॉप मिटला. सकाळी आसनावर मात्र ती फार वेळ डोळे मिटून बसली.

एरंडोल आलं. त्याने सवयीने वेग कमी केला, वळायचा इंडिकेटर लावला.

"वळवू?"

"आज... धुळ्यापर्यंत धरलंय. सूर्यास्ताआधी घरी, तेही धरलंय."

तो इंडिकेटर पारोळ्यापर्यंत टिकटिकत राहिला. दोघांपैकी कुणीच बंद केला नाही.

धुळ्याला अंगणात वच्छलाबाई पितळी तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"पाणी नको, मावशी. मी उकळलेलंच पिते."

"माले माहीत शे, पोरी. ह्यानीच सांगेल शे. रोज सकायले पानी उकायी ठेवस. रोज वाटे, आज येशी... संध्याकायले बठ्ठं झाडले टाकी देस."

प्रियलने वळून पाहिलं. तो बॉनेटमध्ये वाकून उगीचच एक वायर चाचपत होता.

"मला कधी सांगितलं नाही," ती जवळ जाऊन हळूच म्हणाली.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही. मी विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं."

"हो म्हणाले असते."

"म्हणून तर... नाही विचारलं."

त्याने हळूच बॉनेट लावलं.

"आते परत कव्हय येशी?" वच्छलाबाईंनी तिच्या हातात पेला देत विचारलं. त्यांना लग्नाचं ठाऊक नव्हतं.

पाणी गार होतं, फडक्यातून गाळलेलं. तिने एका दमात पेला रिता केला. ह्या घरातून तिला दुसरं काही घेता येणार नव्हतं.

"अजून थोडं द्या, मावशी," ती म्हणाली.

दुसरा पेला मात्र ती सावकाश, घोट घोट पीत राहिली. सूर्य अजून वर होता.