पंखातला जोड

भिंगरीनं हातभर लांबीचा तो लाकडाचा तुकडा जेवणाच्या टेबलावर, आपल्या वडिलांच्या ताटाशेजारी ठेवला, आणि वाढायला उचललेली पळी काकूंच्या हातात तशीच अधांतरी राहिली...

"काकू, तू रागावशील ते ठाऊक आहे. पण मी विमानाचा पंख उघडला," भिंगरी म्हणाली. तिच्या केसांत धूळ भरली होती, नखं काळी झाली होती, आणि चेहरा मात्र परीक्षेत पहिली आल्यासारखा फुलला होता. "मोजमापाच्या नावाखाली शेडची किल्ली घेतली आणि कापड फाडलं. उद्या तुझी सही व्हायच्या आत मला एकदा आत बघायचं होतं."

काकूंच्या पायांखालची जमीन सरकली. ज्या कापडाला तीस वर्षं त्यांनी कुणाला बोट लावू दिलं नव्हतं, ज्याचा एकेक टाका त्यांनी स्वतःच्या हातानं घातला होता, ते ह्या पोरीनं खुशाल फाडलं होतं! आणि त्या कापडाआड जे झाकून ठेवलं होतं, ते आता वरणभात वाढावा तसं उघड्यावर येऊन पडलं होतं. त्यांनी चटकन भाऊजींकडे, भिंगरीच्या वडिलांकडे, पाहिलं. भाऊजी खाली मान घालून मुकाट जेवत होते.

ते विमान काकूंच्या नवऱ्याचं. शर्यतीचं, एका माणसाच्या बसण्याचं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणून मढवलेलं आणि त्या काळातही जुनंपुराणं म्हणून चेष्टेचा विषय झालेलं. नवरा ते उडवायचा, थोरले भाऊजी त्याचं सुतारकाम करायचे आणि काकू कापड शिवायच्या. भाऊजींची बायको भिंगरीला दोन वर्षांची टाकून गेली होती, म्हणून पोरगीही त्याच शेडमध्ये, विमानाच्या पोटाखाली चटईवर खेळायची. असं चाललं होतं बरं, अगदी दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. मग ती शर्यत आली, आणि शेवटच्या खांबाला वळसा घालताना सगळ्या गर्दीच्या डोळ्यांदेखत डावा पंख मोडला.

चौकशीला आलेल्या माणसांना भाऊजींनी आपणहून लिहून दिलं की शर्यतीच्या आदल्या दिवशी पंखाचा मुख्य दांडा मी सांधला होता, दोष त्या जोडात असू शकतो. झालं, पंख न उघडताच चौकशीचा कागद बंद झाला. भाऊजींचा परवाना गेला आणि कसबी हातांचा तो माणूस एका लाकडाच्या वखारीत मापं टिपायला लागला. सख्ख्या भावाचा जीव घेतला म्हणून लोक पाठीमागे बोलायचे. कधी तोंडावरही बोलायचे.

आणि काकू? काकूंनी भिंगरीला पदराखाली घेतलं, दुसरा संसार मांडला नाही, माहेरी गेल्या नाहीत. त्याच घरात राहून त्यांनी भाऊजींचं दोन्ही वेळचं ताट वाढलं, आजारपणं काढली. विमान त्यांच्या नावावर होतं. ते त्यांनी जसं आणलं तसं, मोडक्या पंखासकट, शेडमध्ये कुलूपबंद केलं. भिंगरी मोठी होऊन जुनी विमानं दुरुस्त करण्याच्याच धंद्यात पडली आणि गेलं वर्षभर घरात त्या विमानावरून खडाजंगी चालू होती. विमान उडायला असतं, काचेआड ठेवायला ती काय शोभेची बाहुली आहे, असं भिंगरीचं म्हणणं. काकूंचं म्हणणं एकच... संग्रहालयाला द्यायचं, आहे तसं द्यायचं, एक टाकाही उसवायचा नाही. संग्रहालयाचा माणूस उद्या सकाळी सही घ्यायला येणार होता.

"इकडे बघ," भिंगरीनं तुकडा फिरवला. "हा बाबांचा जोड. छिन्नी घालून पाहिली मी. लाकूड सोलून निघालं, पण सरस जागचा हलला नाही. आणि मोडलंय ते इथे, जोडापासून वीतभर लांब, कोऱ्या लाकडात. वरचे तंतू कसे चेपलेत बघ. पंखावर झेपणार नाही इतका भार आला काकू. त्या वेगात इतकं आवळून वळण घेतलं तर कुठलाही पंख गेला असता. बाबांची चूक नव्हती. काही म्हणजे काहीच नव्हती."

तिला वाटलं होतं, काकू आनंदानं रडेल. काकू मात्र त्या तुकड्याकडे भूत पाहिल्यासारख्या पाहत राहिल्या.

"असं कसं होईल?" त्या कशाबशा बोलल्या. "पाणी घातलं होतं ना त्यांनी."

"कसलं पाणी?"

काकू बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. पण आता शब्द परत कसा घ्यायचा? तीस वर्षं अंतःकरणाच्या तळाशी दाबून ठेवलेली ती दुपार बांध फुटल्यासारखी वर आली, आणि त्या सगळं सांगत सुटल्या...

शर्यतीच्या आदल्या दिवशीची दुपार. दांडा सांधायचा सरस दुधाच्या भुकटीचा असे. भुकटी पाण्यात घोटायची आणि चार तासांच्या आत वापरून संपवायची. आळायला लागला की फेकून द्यायचा; वरून पाणी घालून सैल केला तर जोड वरवर बसतो आणि आतून मरतो, हे त्या शेडमध्ये तीन वर्षांच्या भिंगरीलाही पाठ होतं. काकू दोऱ्याचं रीळ आणायला गेल्या, तेव्हा भाऊजी आळलेल्या सरसाच्या भांड्यात तांब्यातून पाणी ओतत होते. घाई असेल, त्यांना कळतं, असं म्हणून काकू रीळ घेऊन निघून आल्या आणि संध्याकाळी त्याच पंखावर त्यांनी स्वतःच्या हातानं कापड शिवलं.

अपघातानंतर महिन्याभरानं त्यांनी भाऊजींना एकटं गाठून विचारलं होतं, "त्या दुपारी सरसात पाणी घातलंत ना?" भाऊजी म्हणाले होते, "हो. घातलं." त्यावर काकू म्हणाल्या होत्या, "तुमच्या कागदात नुसतं 'असू शकतो' आहे. मी पाहिलंय ते बाहेर पडलं तर तुम्ही तुरुंगात जाल आणि ही पोर उघडी पडेल. मी बोलणार नाही." त्या बोलल्या नाहीत. म्हणूनच पंख कुणी उघडू नये, म्हणूनच विमान पुन्हा उडू नये! स्वतःच्या नवऱ्याचा मारेकरी त्यांनी तीस वर्षं कापडाखाली लपवला होता. हे आपलं जन्माचं पुण्य आहे असं त्या समजत होत्या.

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला वाटत होतं, बाबांनी... आणि इतकी वर्षं तू ह्याच घरात..." ती वडिलांकडे वळली. "बाबा, पाणी घातलं होतं?"

भाऊजींनी हात धुतला, पुसला, आणि खुर्ची मागे सरकवली.

"भांडं धूत होतो," ते म्हणाले. "आळलेला सरस टाकून दिला होता. भांड्याला चिकटलेला निघेना, म्हणून पाणी ओतून जरा भिजू दिलं. मग ताजा घोटला आणि दांडा सांधला."

इतकं साधं! काकूंनी टेबलाची कड घट्ट धरली. रीळ घेऊन त्या आणखी दोन मिनिटं तिथे थांबल्या असत्या, तर त्यांना भाऊजी ते भांडं उपडं करताना दिसले असते. दोन मिनिटांवरून त्यांनी एका निरपराध माणसाला जन्मठेप दिली होती, आणि वर स्वतःला त्यागमूर्ती समजून त्याच्याच घरात मान ताठ ठेवून वावरल्या होत्या.

"मग हो का म्हणालात?" त्यांनी विचारलं. "मी विचारलं तेव्हा हो का म्हणालात तुम्ही?"

भाऊजी भिंगरीच्या तोंडचंच नातं लावून भावजयीला काकू म्हणत. "काकू, त्या दिवशी तुमच्याकडे बघवत नव्हतं. अन्न नाही, झोप नाही. माझा जोड धड होता म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, मग पंख मोडला कसा. तो येऊ नये म्हणूनच चौकशीतही मी जोडाचं नाव पुढे केलं होतं. त्याला मी सकाळीच बजावलं होतं, शेवटचं वळण सैल घे, पंख जुना आहे. तो हसला. म्हणाला, जिंकून येतो, मग ओरड. हे मी तुम्हाला सांगायचं? की तुमचा विचार न करता, एका कपासाठी... मेलेल्या माणसावर रागावून बाई जगत नाही. माझ्यावर रागावून तुम्ही जगत होतात. भिंगरीला वाढवत होतात. मला तेवढं पुष्कळ होतं."

भिंगरी ओठ दाबून, आवाज न करता रडत होती. काकूंना मात्र रडूही येईना. कुणासाठी रडायचं तेच कळत नव्हतं... हसत हसत त्यांना सोडून गेलेल्या नवऱ्यासाठी, की त्यांच्या समोर बसून रोज मरत गेलेल्या ह्या माणसासाठी?

"आता विषय संपवा," भाऊजी डोळे पुसत म्हणाले. "भिंगरी, तू म्हणतेस तसं विमान उडव. उडवायचं तर जुना दांडा चालणारच नाही, नवा घालावा लागेल. हा तुकडा जाळून टाक. कुणाला काही कळायचं कारण नाही. त्याचं नाव चांगलं आहे, ते तसंच राहू दे."

भिंगरीनं तुकडा छातीशी धरला. "वर्षभर मी हिच्याशी भांडले, बाबा. आता हा दांडा काढून टाकायला माझा हात धजायचा नाही. विमान काकूचं आहे. ती सांगेल तसं."

काकू उठल्या. त्यांनी कपाटातून उद्या सही करायचा कागद आणि पेन आणलं. ते दोन्ही त्यांनी भिंगरीपुढे ठेवलं.

"विमान संग्रहालयातच जाईल," त्या म्हणाल्या. "पण पंखावर पुन्हा कापड चढवायचं नाही. हा तुकडा त्याच्या जागी बसव आणि पंख उघडा ठेव. शेजारी पाटी लागेल, ती मी सांगते तशी ह्याच कागदावर लिही. जोड शाबूत आहे. वळण मर्यादेबाहेर घेतल्यानं लाकूड मोडलं. जोड करणारा, वैमानिकाचा थोरला भाऊ."

"काकू, असं करू नका," भाऊजी कळवळून म्हणाले. "लोक त्याला नावं ठेवतील."

"ठेवू देत. तो माझा नवरा होता, त्याचं काय ते मी सोसेन," काकू म्हणाल्या. "तुम्हाला तीस वर्षं नावं ठेवली, तेव्हा मी दारात उभी राहून ऐकत होते, भाऊजी. एकदाही नाही म्हटलं नाही मी."

भाऊजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भिंगरीनं पेन उचललं, पण डोळ्यांतल्या पाण्यानं तिला कागद दिसेना, तेव्हा काकूंनी ते तिच्या हातातून घेतलं आणि पाटीवरचा शेवटचा शब्द, 'भाऊ', सगळ्यांत आधी लिहिला.