माझं आपलं एक मत

"आता बरं दिसतंय... की आधी बरं दिसत होतं?"

चष्म्याच्या दुकानामागच्या त्या अंधाऱ्या खोलीत दिवसातून तीसेक वेळा ती हा प्रश्न विचारायची. लोक फटाफट उत्तरं द्यायचे. समोरच्या खुर्चीत, नाकावर तपासणीची जड फ्रेम घेऊन बसलेला हा माणूस मात्र गप्पच होता.

"अहो, दिसतंय ना काहीतरी?"

"दिसायचं राहू द्या. तुम्ही जरा पुन्हा बोलाल का?"

तिच्या हातातलं भिंग हवेतच थांबलं. "काय बोलू?"

"काहीही. 'नमस्कार मंडळी, माझं आपलं एक मत' – एवढं म्हणालात तरी पुरे."

हे तर तिच्या कार्यक्रमाचं सुरुवातीचं वाक्य होतं. दर रविवारी सकाळी ती कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून दहा मिनिटं बोलायची आणि ते फोनवर रेकॉर्ड करून नेटवर टाकून द्यायची. नवीन गेम, जुने फोन, मालिकांमधल्या ऊठसूट बेशुद्ध पडणाऱ्या नायिका, मेसेज वाचल्याची निळी खूण दिसूनही उत्तर न देणारे प्रियकर... विषय कुठलाही असो, तिचं मत तयार. ऐकणारे जेमतेम चारशे. त्यातला एक आज तिच्याच खुर्चीत येऊन बसेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"मागच्या रविवारी तुम्ही एका गेमबद्दल बोललात," तो म्हणाला. "त्यातली बाई बर्फावरून चालते तेव्हा कुणीतरी शेजारी बसून काकडी खातंय असं वाटतं, म्हणालात."

"म्हणाले. आणि वाटतंच तसं!"

"काकडी नव्हती ती. कोबी होता."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच चिरडला होता. दोन गड्डे." त्याने फ्रेमच्या आडून तिच्याकडे पाहिलं. त्या जाड भिंगांतून त्याचे डोळे केवढे तरी मोठे आणि फार केविलवाणे दिसत होते. "मी गेमसाठी आवाज तयार करतो. पावलांचे, दारांचे, पावसाचे."

आधी तिने ओठ दाबून धरले. मग खांदे हलायला लागले. शेवटी अक्षरांच्या तक्त्याला टेकून ती इतकी खळखळून हसली की बाहेर काउंटरवरचे मालक डोकावून गेले.

"हसा हसा," तो म्हणाला. "आमच्या स्टुडिओतले पाचहीजण ते ऐकून असेच हसले होते. मी सोडून."

चष्मा चार दिवसांत तयार झाला. दुसऱ्याच दिवशी तो परत आला. म्हणे, दांडी कानाला टोचते. तिने दांडी वाकवून दिली. दोन दिवसांनी नाकावर घसरतो म्हणून आला. मग, बोलताना काचा धुरकटतात म्हणून. तिसऱ्या खेपेला तिने चष्मा उजेडात धरून नीट निरखला, स्वच्छ पुसला आणि त्याच्या हातात ठेवला.

"चष्म्याला काहीही झालेलं नाही."

"मग... मला झालंय का काही?"

"ते या दुकानात तपासत नाहीत," ती म्हणाली खरी, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्याचं तिला जाणवलं. "साडेसहाला दुकान बंद होतं. समोर चहा बरा मिळतो."

चहाच्या दुसऱ्या कपाला 'तुम्ही'चं 'तू' झालं. बोलता बोलता वाद झाला, वाद घालता घालता तिसरा कप झाला.

"गेम खेळणारा माणूस संसारात कच्चा, असं माझी आई म्हणते," तो म्हणाला.

"उलट! शंभर वेळा मरून एकशे एकाव्यांदा त्याच दारातून आत शिरतो, तो माणूस संसाराला एकदम पक्का."

"आणि फोनवर 'टाइप करतोय' असं दिसतं, मग बंद होतं, मग पुन्हा दिसतं... तो?"

"तो भित्रा. मनात आलं ते लिहावं आणि पाठवावं."

"काहीजण शब्द शोधत असतात गं."

"सापडेपर्यंत समोरची म्हातारी होते, त्याचं काय?"

तो हसला. हसताना मान खाली घालायची त्याची सवय तिला आवडली. याबद्दल मात्र ती रविवारी काही बोलली नाही.

घरी तिची आत्या होती. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली आणि गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये भल्याभल्यांना पाणी पाजणारी. "तुझा तो कोबी काय म्हणतो?" एवढंच ती रोज पडद्यावरची नजर न हलवता विचारायची.

एका शनिवारी कोबीने तिला स्टुडिओत नेलं. दोन खोल्या, पाच माणसं. आवाजाच्या खोलीत जमिनीवर पत्र्याच्या परातींत वाळू, खडी, पालापाचोळा. भिंतीला जुन्या बुटांची रांग. त्याने तिला टाचांच्या चपला दिल्या आणि कानांवर हेडफोन चढवले. ती खडीवरून दोन पावलं चालली आणि थबकली. स्वतःचं चालणं तिने असं कधी ऐकलंच नव्हतं.

"मी इतकी घाईत चालते?"

"नेहमी," तो हळूच म्हणाला. "दुकानाबाहेरच्या फुटपाथवर शंभर माणसं चालली तरी मला कळतं, तू आलीस."

हेडफोनमधून ते वाक्य थेट तिच्या कानात उतरलं. ती वाळूवर चालायला लागली.

त्यांचा नवा गेम होता 'टपालवाली'. पुरात बुडालेल्या गावात होडीतून घरोघरी पत्रं पोचवणाऱ्या एका बाईची गोष्ट. नऊ दिवसांनी गेमचं मोठं प्रदर्शन होतं. तिथे गेम लोकांच्या पसंतीला उतरला तर स्टुडिओ तगणार, नाहीतर पाचजण पाच दिशांना. स्टुडिओची मालकीण, जिला सगळे ताई म्हणत, तिने गेमची प्रत हिच्या हातात दिली. "खेळून बघ. बाहेरचं असं पहिलं माणूस तूच."

रविवारी आत्या आणि ती सकाळपासून आळीपाळीने खेळल्या. गेम सुरेख होता. वल्ह्याचा चुबुक आवाज, छपरांवर बसलेली माणसं, ओली पत्रं उन्हात वाळवणारी ती टपालवाली. शेवटी वादळ आलं. काय वादळ होतं! अंगावर काटा आला. आणि तेवढ्यात... एक दणकट नावाडी कुठूनसा आला, त्याने टपालवालीला उचलून आपल्या नावेत घेतलं आणि गेम संपला.

"हा कोण उपटला?" आत्या म्हणाली.

तिने कंट्रोलर खाली ठेवला. आठ तास आपण वल्ही मारायची आणि शेवटी नुसतं बघत बसायचं? पण त्या वादळाचे आवाज कोबीचे होते. त्याने त्यावर चार महिने घालवले होते.

"छान आहे म्हणून टाकते," ती पुटपुटली.

आत्याने तिच्याकडे वळून पाहिलं. "दोन वर्षं तेच म्हणत होतीस की त्या दुसऱ्याला."

तो दुसरा, म्हणजे ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं तो. हिने तोंड उघडलं की "तुला विचारलं का कुणी?" म्हणायचा. हळूहळू ती सगळ्यालाच छान म्हणायला शिकली. शेवटी एक दिवस स्वतःचाच आवाज ओळखू येईना, तेव्हा तिने ते लग्न मोडलं आणि पुढच्या रविवारी कपाटात डोकं खुपसून बोलायला लागली.

सोमवारी स्टुडिओत पाच चेहरे तिच्याकडे लागले होते.

"कसा वाटला?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात केवढी आशा होती!

"गेम फार सुंदर आहे," ती म्हणाली. "पण शेवट... शेवट फसलाय. तिने एकटीने एवढा पूर ओलांडला. वादळही तिलाच ओलांडू द्या. तो नावाडी नकोच."

ताईने चष्मा काढून डोळे चोळले. "नऊ दिवस होते, आता सात राहिलेत," ती कोरडेपणाने म्हणाली. तो मान खाली घालून बसला होता. या वेळी हसत नव्हता. तिने पर्स उचलली आणि निघून आली. रस्ताभर तिला सारखं वाटत होतं, आपलं तोंड म्हणजे नुसती कात्री.

मंगळवारी फोनवर त्याच्या नावाखाली 'टाइप करतोय' दिसलं. बंद झालं. पुन्हा दिसलं... पुन्हा बंद. बुधवारी तेही नाही. तीन गिऱ्हाइकांना तिने एकच भिंग दोनदा दाखवलं.

गुरुवारी दुपारी तो दुकानात आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर.

"नावाडी काढला," तो दारातूनच म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी परत खेळून बघितला. ताईच म्हणाली, पोरगी खरं बोलली. तीन दिवस कुणी घरी गेलेलं नाही."

"मग... एक मेसेज?"

"काय लिहू? रागावलो होतो. मग लाज वाटली. मग नुसतीच तुझी आठवण यायला लागली. पाच मेसेज लिहिले आणि पुसले." तो पुढे आला. "आता वादळात टपालवाली स्वतः वल्ही मारते. तिचा श्वास हवाय. धाप, ओरडणं, सगळं. येशील?"

ती मालकांकडे वळली. मालक म्हणाले, "जा बाई, एकदाची जा. गिऱ्हाइकं सुटतील."

त्या दुपारी तिने वाळूच्या पोत्याला बांधलेला दोर दीड तास ओढला. तळहात लाल झाले. शेवटच्या लाटेला घशातून जी आरोळी निघाली, ती आपल्यात होती हे तिलाही माहीत नव्हतं. काचेपलीकडे ताई उभी राहून टाळ्या वाजवत होती. तो मात्र नुसता बघत होता... हेडफोन काढायचंही विसरून.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी 'टपालवाली'समोर चारजण होते, दुपारी रांग दारापर्यंत गेली. शाळकरी मुलींचा एक घोळका वादळापर्यंत पोचला, तेव्हा मागची अनोळखी माणसंही ओरडायला लागली – "मार! मार वल्हं! सोडू नकोस!" तिची स्वतःची आरोळी सभागृहभर घुमली आणि होडी पलीकडे लागली. लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. चार वाजता प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार जाहीर झाला. ताई रडतच स्टेजवर गेली आणि माइकवर म्हणाली, "आमचा शेवट एका मुलीने दुरुस्त केला. ये गं इकडे!"

ती स्टेजवर जाऊन आली तरी टाळ्या थांबेनात. त्या गदारोळात त्याने तिचा हात धरून तिला स्टेजमागच्या बोळात नेलं. तिथे रिकाम्या खोक्यांच्या ढिगाशी ती उभी राहिली, धापा टाकत.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "तू बोलतेस ते आवडतं, भांडतेस ते आवडतं. माझं चुकलं तर तोंडावर सांगतेस, तेव्हा तर... म्हणजे पहिले दोन दिवस नाही, पण तिसऱ्या दिवसापासून फारच. लग्न करशील माझ्याशी?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने त्याची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या गालावर ओठ टेकले. खोक्यांचा ढीग धाडकन कोसळला, पण दोघांनाही ऐकू आलं नाही.

"हो," ती म्हणाली. "हो, हो आणि हो."

बोळाच्या तोंडाशी प्रदर्शन बघायला आलेली आत्या उभी होती. तिने दोन बोटं तोंडात घातली आणि सगळं सभागृह वळून बघेल अशी खणखणीत शिट्टी मारली.