या जेवायला

तंबूखाली अंथरायची ताडपत्री आणायला शनिवारी सकाळी दोघं वागळे इस्टेटमध्ये गेले आणि विनिताचं डोकं फिरायला तिथूनच सुरुवात झाली. दिपेशने दुकानातली प्रत्येक ताडपत्री पसरायला लावली. ती तंबूपेक्षा टीचभर लहानच हवी, बाहेर आली की तिच्यावर दव साचतं आणि सगळं पाणी पाठीखाली येतं, हे त्याने दुकानदाराला समजावून सांगितलं. दुकानदाराने विनिताकडे पाहिलं. विनिता रस्त्यावरचा ट्रॅफिक बघत राहिली.

नवरा वाईट नव्हता हो. ती आजारी पडली की हाच रात्रभर उशाशी बसायचा, आणि त्याच्याशिवाय आपलं पान हलत नाही हे तिलाही ठाऊक होतं. पण एकदा कसला नाद लागला की तो सगळ्या घराला वेठीला धरायचा. आधी मासे पाळून झाले, मग घरी पाव भाजून झाले, आणि आता हा तंबू. घोडबंदर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये तो आठवडाभर उभा होता आणि विनिता त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जात होती.

"न्या रे ह्याला कुणीतरी एकदाचं," असं कपाळावर हात मारून ती म्हणायची. डोंबिवलीला तिची आई बाबांना हेच म्हणायची आणि बाबा हसायचे. बोलून बोलून त्या वाक्याला काही अर्थच उरला नव्हता.

जागा संदेशची होती. संदेश दिपेशच्या ऑफिसातला, कोलशेतच्या जुन्या कोळी घरातला. खाडीला लागून त्यांची एक मोकळी पट्टी होती. मागे बांध, पुढे चिखलात तिवरांची झाडी. "भरतीचं पाणी बांध चढत नाही," तो म्हणाला होता. "आणि दिवेलागणीनंतर तिथे कोणी फिरकत नाही रे. एकदम शांत."

शांतता दिपेशने टिकू दिली नाही. उतार कुठे आहे ते कळायला तो आधी जमिनीवर आडवा झाला. मग खडे वेचायला लावले, कारण दिवसा वाटाण्याएवढा वाटणारा खडा रात्री नारळाएवढा होतो म्हणे.

"खुंटी तिरकी, विनिता! डोकं तंबूपासून लांब झुकलं पाहिजे गं!"

"तूच ठोक ना मग."

"अगं, ताण बसत नाही नाहीतर. आणि खिडकी उघडी ठेव. रात्री आपल्याच श्वासाचं पाणी अंगावर टपकतं."

सूर्य बुडाला तेव्हा ओहोटी लागली होती. खाडीपलीकडच्या उंच इमारतींत दिवे लागत होते, पण त्यांचा उजेड इथवर येत नव्हता. चिखलाचा खारट, कुजका वास हळूहळू वर चढत होता. तिवरांच्या मुळांत खेकडे टकटक करत होते. दिपेश तंबूत बसून हवेची गादी फुगवत होता. गादी टणक करायची नाही, अंग थोडं रुतलं पाहिजे, हे त्याचं आतून चालूच होतं. विनिताने चार हात लांब चटई टाकली, भाकरी आणि सुकटीची चटणी काढली आणि त्याची वाट न बघता पहिला घास घेतला.

तेवढ्यात बांधावरून कुणीतरी जाताना दिसलं. डोक्याला फडकं, पाय अनवाणी. अंधुक उजेडात चेहरा कळत नव्हता.

"या जेवायला," विनिता म्हणाली.

कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तोंडात घास असताना कुणी दिसलं की हे म्हणायचं, समोरच्याने "होऊ द्या" म्हणायचं आणि आपल्या वाटेने जायचं. खरंच कुणी येत नाही. लग्न झाल्यावर दिपेश तिला ह्यावरून चिडवायचा, मग त्यालाही तीच सवय लागली.

तो माणूस थांबला. "होऊ द्या" म्हणाला नाही. बांध उतरून खाली आला आणि चटईसमोर उकिडवा बसला.

खेकड्यांची टकटक थांबली. चिखलाचा वास आता अगदी जवळून येत होता. पाणी बांधापासून दूर सरलं होतं, तरी त्याच्या फडक्यातून थेंब पडत होते... टप... टप... विनिताला काय करावं सुचेना. बोलावलं तर आपणच होतं. तिने कागदी ताटलीत एक भाकरी ठेवून पुढे सरकवली.

"विनिता!" तंबूतून आवाज आला. "बूट बाहेरच ठेवलेस ना? आत घे म्हटलेलं ना मी! विंचू शिरतो!"

तिला हसूही आलं आणि संतापही. कुठल्याही पाहुण्याकडे बघून बोलावं तसं ती बोलून गेली, "बघितलंत? न्या हो ह्याला एकदाचं."

त्याने पहिल्यांदा मान वर केली. तिच्याकडे नाही, तंबूकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"आज पाणी उतरलंय... उद्या भरतीला," तो हळूच म्हणाला आणि उठला. "येतो."

"या," विनिता म्हणाली. निघणाऱ्याला दुसरं काय म्हणतात?

तो तिवरांत शिरला तेव्हा तिच्या लक्षात आलं. ज्याने "या जेवायला" खरं धरलं, त्याने बाकीचंही खरंच धरलं असणार.

"अहो... ऐका... तसं नव्हतं म्हणायचं मला..." ती तिवरांच्या दिशेने ओरडली.

दिपेश बाहेर आला. "कोणाशी बोलतेयस?"

"घरी चल. आत्ताच्या आत्ता."

"अगं, गादी आत्ताच फुगवली ना मी!"

ती ऐकेना. तिने स्वतः खुंट्या उपटल्या. त्या ताटलीतली भाकरी तशीच होती, फक्त चिखलाच्या पाण्याने भिजून फुगलेली. दिपेशला तिने काही सांगितलं नाही.

रविवारी तंबू पुन्हा हॉलमध्ये उभा राहिला. ओलसर तंबू घडी करून ठेवला की बुरशी धरते, वारा खेळला पाहिजे, म्हणून दिपेशने बाहेरचं दारही सताड उघडलं. दिवसभर विनिता जीभ दाताखाली धरून वावरत होती आणि तो बाल्कनीत गेला तरी मागे जाऊन उभी राहत होती. "बरी आहेस ना?" त्याने शेवटी विचारलं.

संध्याकाळी दिपेश ताट घेऊन बसला आणि स्वयंपाकघरातला इंटरकॉम वाजला.

"मॅडम, एक बाबा आलेत," वॉचमन म्हणाला. "साहेबांना न्यायला आलोय म्हणतात. तुम्हीच सांगितलंय म्हणे."

"नाही!" विनिता ओरडली. "मी नाही बोलावलं. वर पाठवू नका. अजिबात नाही!"

"बरं, मॅडम." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अरे... आत्ता तर इथे होते... नुसतं पाणी पडलंय खाली..."

तिने रिसीव्हर ठेवला. नाही म्हटलं होतं. स्पष्ट नाही म्हटलं होतं. ओट्याला धरून ती उभी राहिली आणि तिने एक मोठा श्वास घेतला. श्वासाबरोबर चिखलाचा वास आला.

तेवढ्यात हॉलमधून दिपेशचा आवाज आला. तोंडात घास होता, आणि तो उघड्या दाराकडे बघून अगदी अगत्याने बोलत होता.

"या जेवायला!"

समोरून कुणी "होऊ द्या" म्हणालं नाही.