कूपनांची महाराणी

ती २०२२ सालची गोष्ट. अंडी महागली, पेट्रोल महागलं, गॅसचं बिल हातात धरवेना, आणि ओहायोतल्या डेटन गावातली चांगली खाऊनपिऊन सुखी माणसंसुद्धा दुकानात वस्तू उचलून, किंमत वाचून, कोणी बघत नाहीसं पाहून परत ठेवू लागली... त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, एका रविवारी दुपारी, डारलीन जेवणाची भांडी घासत होती आणि तिची सून केंड्रा मागून आली ती तिचा ओला हात घट्ट धरून उभीच राहिली.

“हे काय आहे?”

डारलीनने सगळा उन्हाळा लांब बाह्यांच्या सदऱ्यात काढला होता. आज मात्र साबणाच्या पाण्यात हात घालताना तिने सवयीने बाह्या वर सारल्या आणि तिथेच घात झाला! दोन्ही हात जिथे कोपराशी दुमडतात तिथे सुयांची भोकं... काही ताजी, लाल. काही जुनी, वण पडून खळगा झालेली. आणि भोवती हिरवट-निळे डाग.

केंड्राचा चेहरा पांढराफटक पडला. असे हात तिने आयुष्यात एकदाच पाहिले होते. तिचा धाकटा भाऊ कोल... न्हाणीघराचं दार तोडून त्याला बाहेर काढला, तेव्हा! त्या गावात नशेच्या त्या विषापायी कोणी ना कोणी गमावलं नाही असं घर शोधून सापडलं नसतं. तिथे हातावर सुईची खूण दिसली की दुसरी शंका कोणाच्या मनाला शिवतच नसे.

“केव्हापासून घेताय?”

“केंड्रा, बाई, तुला वाटतंय तसं नाही गं...”

“कोलही हेच म्हणायचा! अगदी हेच शब्द! आणि मी, मूर्ख, विश्वास ठेवायचे!”

आवाज ऐकून क्लिंट दिवाणखान्यातून आला. टीव्हीवरचा फुटबॉलचा गलका त्याच्या मागोमाग आत आला. त्याने आईचे हात पाहिले, आणि चाळिशीतला तो उंचापुरा मास्तर लहान मुलासारखा बघत राहिला.

“मॉम... बोल ना. काहीतरी सांग.”

सांगणं एका वाक्याचं होतं. गावाबाहेर ओस पडलेल्या एका जुन्या बाजाराच्या इमारतीत एक केंद्र होतं. तिथे खुर्चीत आडवं व्हायचं. यंत्र हातातून रक्त ओढी, त्यातला पिवळा द्रव, प्लाझ्मा, औषधांसाठी काढून घेई, आणि उरलेलं तांबडं रक्त गार होऊन परत अंगात शिरे. त्याचे पैसे मिळत. डारलीन आठवड्यातून दोनदा तिथे जाई, परतताना वाणसामान आणी, आणि घरी सांगे, “कूपनांवर मिळालं! अर्ध्या भावात!”

रविवारच्या पेपरातली कूपनं कापायचा तिला नाद होताच. फुलाफुलांची एक पिशवी त्या कपट्यांनी टच्च भरलेली असे. क्लिंट मांस ताटात वाढून घेत म्हणे, “आमची आई म्हणजे कूपनांची महाराणी! हिला लांबून बघून दुकानदार दार लावून घेतो!” सगळी हसत, आणि सर्वांत मोठ्याने डारलीन हसे.

वाक्य ओठांवर आलं होतं... पण मुलाचा चेहरा दिसला, आणि तिने ते गिळलं.

तिचं लहानपण निराळ्याच जगात गेलं होतं. केंटकीच्या डोंगरातून आलेला तिचा बाप एकटा कारखान्यात जाई, आणि पाच पोरं, घर, गाडी, उन्हाळ्यात तळ्याकाठी आठवडाभराची सुट्टी, सगळं त्या एका पगारात बसे. पुढे तिचा नवरा रॉय त्याच कारखान्यात लागला, आणि कारखान्याला टाळं लागलं. तेव्हा डारलीन गुपचूप लोकांच्या घरची न्हाणीघरं घासू लागली. एक दिवस रॉयला ते कळलं. “बायकोला पोसता येत नाही, मी कसला पुरुष!” एवढंच तो बोलला, आणि बाटली घेऊन गराजमध्ये जाऊन बसला तो बसलाच. दोन वर्षांत संपला... इतका हसरा माणूस!

आणि या वसंतात, तशाच एका गराजच्या दाराआडून, तिने क्लिंटचा आवाज ऐकला होता. डारलीनच्या घरमालकाने भाडं वाढवल्यावर, “तुझ्याकडून एक सेंट घेणार नाही” म्हणत ज्याने आईला हौसेने घरी आणलं, तो केंड्राला सांगत होता, “दोघं राबतो, तरी आईच्या ताटात काय वाढायचं याचा घोर लागतो गं. मी कसला पुरुष...” बापाचेच शब्द!  दुसऱ्याच दिवशी ती त्या केंद्राची पायरी चढली होती.

म्हणून ती आता एवढंच म्हणाली, “मी तुझी आई आहे, क्लिंट. मी वाईट काही केलेलं नाही. याहून जास्त विचारू नकोस, राजा.”

केंड्रा औषधाच्या दुकानात गेली आणि नशेची तपासणी करायचा प्लास्टिकचा पेला घेऊन आली. “करून द्या,” ती म्हणाली. “दार उघडं ठेवून.”

ज्या हातांनी शाळेच्या स्वयंपाकघरात अर्ध्या गावाच्या पोरांना जेवू घातलं, त्या हातांनी डारलीनने तो पेला घेतला. सून दाराबाहेर, मुलगा जिन्यात पाठमोरा... धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्या म्हातारीला झालं!

तपासणीत काही निघालं नाही.

“कोलच्यातही निघायचं नाही,” केंड्रा म्हणाली. “तोही काही ना काही युक्ती करायचा. मला माफ करा, डारलीन, पण माझ्या टेसने एखाद्या दिवशी न्हाणीघराचं दार उघडावं आणि... नाही! मी ते पुन्हा बघणार नाही! टेसजवळ तुम्ही एकट्या राहायचं नाही.”

क्लिंटने मान वर केली नाही. ते मात्र तिला सुईपेक्षा खोल लागलं.

डारलीनने बॅग भरली तेव्हा आठ वर्षांची नात टेस तेवढी दारापर्यंत धावत आली. “मॅमॉ, तू कुठे चाललीस? कूपनं संपली का?”

“हो गं, सोन्या. नवी आणायला चाललेय,” डारलीन म्हणाली, आणि फुलांची पिशवी तिने खुंटीवरच राहू दिली.

ती ओपलकडे राहायला गेली. शाळेच्या स्वयंपाकघरातली जुनी सोबतीण. चाकांवरच्या एका अरुंद घरात एकटीच राहायची. तिथेही डारलीनचं केंद्रावर जाणं थांबलं नाही.

“आता कोणासाठी टोचून घेतेस गं?” ओपल करवादली. “ज्यांनी हाकललं त्यांच्यासाठी?”

“त्यांनी नाही हाकललं. भीतीने हाकललं.”

“मोठी संत लागून गेलीस! आरशात बघ जरा. गालफडं बसलीत. वाऱ्याने उडून जाशील एक दिवस.”

महामारीत शाळेचं जेवण सगळ्या पोरांना फुकट होतं, ते त्याच वर्षी बंद झालं होतं. डारलीन शाळेच्या खिडकीशी जाऊन टेसच्या जेवणाचे पैसे भरून येई, आणि आतल्या ओळखीच्या बाईला बजावी, “नाव सांगायचं नाही हं.” कधी काचेतून टेस दिसे, ताट घेऊन रांगेत उभी. तेवढ्या दर्शनावर तिचा आठवडा जाई.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती केंद्रातल्या खुर्चीत पडली होती. यंत्र घुरघुरत होतं. गार रक्त परत अंगात शिरताना दात वाजत होते. “मूठ आवळा, आजी... आता सोडा,” पांढऱ्या कोटातली मुलगी सांगत होती. मग ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली. “या, बसा. पहिलीच खेप ना? घाबरू नका. बाही वर घ्या.”

डारलीनने सहज मान वळवली.

दंतवैद्याच्या दवाखान्यातला निळा डगला अंगावर, केस घाईने बांधलेले... केंड्रा! सुई तिच्या हातात शिरली, तिने डोळे मिटले. आणि उघडले ते थेट सासूच्या डोळ्यांत.

 केंड्राची नजर त्या नळीवरून सरकत सरकत सासूच्या हाताशी गेली... त्या वणांशी गेली... आणि तिथेच थिजली.

“हे होतं ते?” केंड्राने विचारलं. “हे? आणि मी तुम्हाला... तो पेला...”

“रडू नकोस, केंड्रा. हात हलला तर सुई सरकते.”

“मी तुमची कूपनं घेऊन दुकानात गेले होते!” केंड्राचे शब्द हुंदक्यांवर आदळत होते. “वाटलं, तुमच्यासारखंच भरून आणू. गल्ल्यावरची पोरगी म्हणाली, यातली निम्मी जुनी झालीत, बाई. उरलेल्यांवर फारशी सूट मिळेना. रांगेतली माणसं बघत होती, आणि मी एकेक वस्तू परत काढत होते. मांस काढलं, चीज काढलं... मला वाटलं, मलाच जमत नाही! म्हातारी हुशार, आपण मूर्ख! आणि शाळेतलं जेवण... तेही तुम्हीच, ना?”

“क्लिंटला बोलली नाहीस ना, इथे येतेस ते?”

“कोणत्या तोंडाने बोलू? तो आधीच गराजमध्ये बसून असतो हल्ली.”

डारलीनने डोळे मिटून घेतले. म्हणजे जे टाळायला रक्ताचं पाणी केलं, तेच दारात येऊन बसलं होतं!

उठून एकमेकींना मिठी मारावी, तर दोघी नळ्यांनी बांधलेल्या. केंड्राने मोकळा हात लांबवला, डारलीनने लांबवला. बोटांची टोकं जेमतेम पोचली. मग केंड्राने मांडीवरचा आपला कोट उचलून कशीबशी सासूच्या कुडकुडत्या अंगावर भिरकावला.

“घरी चला, मॉम,” ती म्हणाली. आजवर ती सासूला नावानेच हाक मारत आली होती.

“येते. पण त्याला सांगायचं नाही. शपथ घे.”

केंड्राने शपथ घेतली. घरी तिने क्लिंटला सांगितलं, “माझीच चूक झाली. रक्ताच्या तपासण्या चालू होत्या त्यांच्या.” क्लिंटने आईचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. आणि मग दोघी जाऊ लागल्या, एक मंगळवारी, एक बुधवारी. टेबलावर मांस आलं की दोघी एका सुरात म्हणत, “कूपनं!” क्लिंट हसे. हसला की गराजमध्ये बसत नसे.

पुढल्या हिवाळ्यात केंद्रावर डारलीनला परत पाठवलं. वजन उतरलंय, घेता येणार नाही. ती गाडीत बसून रडली... दुखणं लागलं म्हणून नव्हे, आता आपल्यापाशी द्यायला काही उरलं नाही म्हणून! त्यातच फ्लू झाला, त्याचा न्यूमोनिया. हॉस्पिटलात केंड्राचा हात धरून ती शेवटचं एवढंच बोलली, “शपथ आठवते ना?”

अंत्यदर्शनाला तिला तिचा आवडता निळा झगा घातला होता. आखूड बाह्यांचा, ओपलने निवडलेला, तिला काय माहीत! उघड्या पेटीपाशी वाकताना क्लिंटला ते हात दिसले. रंग फासूनही ते खळगे बुजले नव्हते. तो ताठ झाला. “म्हणजे खरंच...?” त्याच्या डोळ्यांत ती जुनी शंका पुन्हा उभी राहिली, मेलेल्या आईबद्दल!

केंड्राने शपथ मोडली नाही.  तिने फक्त आपल्या काळ्या झग्याची बाही कोपराच्या वर सारली, आणि आपला हात पेटीत, सासूच्या हाताशेजारी ठेवला. तेच खळगे... तेच निळे डाग... आणि ताज्या भोकावर केंद्राचं नाव छापलेली पट्टी.

क्लिंट गुडघ्यांवर कोसळला. “मॉम! अगं, उपाशी राहिलो असतो ना आपण! मिळून उपाशी राहिलो असतो!”

ते घर त्यांनी पुढल्या वर्षी विकलं. क्लिंटने मास्तरकी सोडली. तो आता गोदामात पाळी करतो, थोडे जास्त मिळतात, इतिहासाची पुस्तकं खोक्यांत आहेत. दारूला तो शिवला नाही. केंड्रा अजून दंतवैद्याकडेच काम करते, आणि बुधवारी कुठे जाते ते क्लिंट विचारत नाही; परतली की तिच्या खांद्यावर घोंगडी टाकतो. ओपल मुलीकडे टेनेसीला गेली.

टेस मोठी होतेय. फुलांची पिशवी तिने आपल्या खोलीत टांगली आहे. रविवारी आजीच्या कात्रीने ती अगदी रेघेवरून कूपनं कापते आणि म्हणते, “मी पण मॅमॉसारखी सगळ्यांना पोटभर जेवू घालणार.”

केंड्रा तोंड फिरवते, आणि बाही खाली ओढून घेते.